वाघमारे सरांचा बाण

वाघमारे सरांचा चेहरा त्यांच्या एकाही व्हिडिओत नाही. तीस-चाळीस व्हिडिओ केले माणसानं, पण सगळ्यांत दिसतो तो कॉम्प्युटरचा पडदा आणि पडद्यावर हिंडणारा पांढरा बाण. वर आवाज. कॉलेजातल्या पोरापोरींना तो आवाज पाठ आहे. सर बाजारात शेजारी उभं राहून वांगी निवडत असते तरी त्यातल्या कितीकांनी ओळखलं नसतं. म्हणून आधी ते दिसायचे कसे ते सांगते.

बुटके. कपाळ मोठं. शर्टाचं वरचं बटन मे महिन्यातसुद्धा लावलेलं. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कधीच चालायचं नाही. कुणी लिहायला मागितलं की चालणारं त्याला द्यायचे आणि आपण न चालणारं झटकत बसायचे. ग्रंथालयाच्या दारात चप्पल काढून आत यायचे. तसा काही नियम नव्हता, प्राचार्य बुटासकट यायचे. सर अनवाणी. त्यामुळे मागं येऊन उभे राहिले तरी कळायचं नाही. दोन-तीनदा मी दचकून ओरडले आहे.

अहमदपूरला आमच्या संस्थेचं कॉलेज आहे, त्या कॉलेजचं हे ग्रंथालय. तिथं झाडलोट करणं, पुस्तकं पुसणं, पाणी भरणं हे माझं काम. चौथी झालेली आहे, त्यामुळे पुस्तकावरचा नंबर वाचून ते जागेवर ठेवायचं कामही मागून माझ्याच गळ्यात पडलं. सर ग्रंथपाल होते. मूळचे मुदखेडचे, वडील रेल्वेत रूळ तपासत चालायचं काम करायचे. बायको-मुलगी मुदखेडलाच. सर इथं मार्केट यार्डाच्या मागं एका खोलीत राहायचे. शनिवारी संध्याकाळी एसटीनं नांदेड, तिथून पुढं घर. सोमवारी परत यायचे तेव्हा पिशवीत जवसाच्या चटणीची बाटली असायची. ती आठवडाभर पुरवायचे. मला नेहमी विचारायचे, "मावशी, घ्या की थोडी." आणि मी घेतली की बाटली उजेडात धरून किती उरली ते बघायचे. कंजूष नव्हते, पण बघायचे.

त्यांची नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची. जूनमध्ये ऑर्डर निघायची, मे महिन्यात संपायची, परत जूनमध्ये नवी. अशी तेरा वर्षं. कधीतरी जागा कायम होईल म्हणून थांबले होते. हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. त्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

पहिल्यांदा आमच्याकडं लाकडी खण होते, त्यात पुस्तकांची कार्डं. मग कॉम्प्युटर आला. पुस्तकाचं नाव टाकलं की ते कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर, कुणी नेलेलं आहे का, सगळं पडद्यावर यायचं. सरांना वाटलं आता पोरांची सोय झाली. पोरं जवळ जाईनात. यायची, दारापाशी घोळका करून उभी राहायची, पेपर चाळायची आणि जायची. आमच्याकडची पोरं वाड्या-तांड्यावरून येतात. कॉम्प्युटरला हात लावला आणि काही मोडलं तर? आणि कसं करायचं म्हणून विचारलं आणि कुणी हसलं तर?

मी म्हणाले, "पोरांना वाचायचंच न्हाई सर. तुम्ही खामखा जीव जाळून घेऊन राहिलात."

ते म्हणाले, "वाचायचं हाय मावशी. विचारायचं न्हाई त्यांना."

आणि मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. कॉलेजात असताना नांदेडला एका मोठ्या ग्रंथालयात गेले होते. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, काय पाहिजे? ह्यांनी पुस्तकाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, मोठ्यानं बोल, आणि लेखक कोण ते सांग, प्रकाशन कोणतं ते सांग. मागं रांग होती. ह्यांना लेखक माहीत नव्हता. "काही नको" म्हणाले आणि बाहेर आले. परत त्या दारात गेले नाहीत. एवढंच. मला काही त्यात फार मोठं दुःख दिसलं नाही. लोकांचे याहून वाईट हाल होतात. पण त्या माणसानं ती एक गोष्ट तीस वर्षं पोटात ठेवली होती, हे खरं.

त्यातूनच त्यांना व्हिडिओचं सुचलं. आपण कॉम्प्युटरवर जे जे करतो ते पडद्यासकट भरून घेता येतं, वर आपला आवाज देता येतो. म्हणजे पोरांनी घरी बसून, शेतात बसून, मोबाइलवर बघायचं. कुणाला विचारायचं नाही. दहा वेळा बघितलं तरी कुणी म्हणायचं नाही, एवढं पण येत नाही का तुला.

व्हिडिओ करायची जागा म्हणजे जुन्या पेपरची खोली. चारी बाजूंनी पेपरचे गठ्ठे, त्यामुळे बाहेरचा आवाज कमी यायचा. पंखा बंद करायचे, कारण पंख्याची घरघर भरली जायची. दाराला पुठ्ठा टांगायचे, "आवाज करू नका, पाच मिनिटं". तो पुठ्ठा तास तास लटकायचा. घामानं हात घसरतो म्हणून माऊसखाली एक निळा फडका घडी करून ठेवायचे. सगळं नीट होत आलं की बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवायचा, किंवा माझी बादली खडखडायची. मग पहिल्यापासून. एकदा चौथ्यांदा माझीच बादली वाजली. मला वाटलं आता हा माणूस बोलणार. ते दार उघडून बाहेर आले, माझ्या हातातली बादली घेतली, स्वतः नळाखाली भरून आणली, खाली ठेवली आणि परत आत गेले. दार लावताना म्हणाले, "आता पाच मिनिटं हलू नका." मी अर्धा तास हलले नाही.

पहिला व्हिडिओ त्यांनी मला दाखवला. त्यात ते बोलत होते, "आपणांस हव्या असलेल्या ग्रंथाचे शीर्षक शोधपेटीत टंकित करावे."

मी म्हणाले, "हे तुम्ही कुणाशी बोलून राहिलात?"

"पोरांशी."

"आपल्या?"

त्यांनी पुसूनच टाकला तो. दुसऱ्या दिवशी नवा केला: "पुस्तकाचं नाव ह्या पांढऱ्या डब्यात लिहा. घाई नाही. आता बाण बघा." आणि बाण त्या डब्याभोवती तीनदा गोल फिरला. तेव्हापासून ती त्यांची पद्धतच पडली. जिथं दाबायचं तिथं आधी बाण तीनदा फिरायचा, सावकाश, जात्याच्या खुंट्यासारखा. पुढं कितीही घाईचं असो, तीन म्हणजे तीन. आणि प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी एकच वाक्य: "नाहीच जमलं तर काउंटरवर या. मी इथंच आहे."

मी म्हणाले, "विचारायची लाज वाटते म्हणून व्हिडिओ, आणि शेवटी परत काउंटरवरच बोलावून राहिलात."

म्हणाले, "दार उघडं ठेवावं लागतं, मावशी."

व्हिडिओ बाहेर सोडायच्या आधी परीक्षा माझ्यावर व्हायची. मी स्टुलावर बसायचे, एका बाजूला व्हिडिओ, एका बाजूला कॉम्प्युटर. सर भिंतीकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ फिरवून उभे राहायचे. का, तर त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळू नये, बरोबर चाललंय की चुकलंय. मी कुठं अडले, कुठं भलतंच दाबलं, की विचारायचे, "काय दिसून राहिलं?" मी सांगायचे. मी चुकले म्हणायचे. ते वळायचे आणि म्हणायचे, "तुम्ही चुकला नाहीत मावशी, मी चुकलो." आणि पुठ्ठा परत दाराला. एकेक व्हिडिओ सहा-सहा वेळा केला त्यांनी. चौथी झालेल्या बाईला जमलं तर कॉलेजातल्या पोरांना जमेल, असा त्यांचा हिशेब. मला त्याचा कधी राग आला, कधी नाही. पण मी शिकले, हे कबूल करते. मला कॉम्प्युटर सुरू करता येऊ लागला, पुस्तक शोधता येऊ लागलं, पुस्तकाची मुदत वाढवता येऊ लागली.

एकदा फजिती झाली. ऑनलाइन सभासद कसं व्हायचं, त्याचा व्हिडिओ. फॉर्ममध्ये नमुना म्हणून काहीतरी नाव लिहायला हवं, तर सरांनी माझं लिहिलं. गयाबाई, वय पासष्ट, शिक्षण चौथी. पोरांनी काय केलं, व्हिडिओ थांबवून थांबवून अक्षर न् अक्षर उतरवून काढलं. आठवड्याभरात ग्रंथालयाला तेवीस गयाबाई सभासद झाल्या. त्यात निम्मे दाढी-मिशीवाले.

ऑफिसमधले लोक हसून हसून बेजार. कुणी माझ्या पाया पडायला यायचं, "तेवीस लेकरांची माय हाव तुम्ही, मावशी." मी पण हसले. सर हसले नाहीत. बसून एकेकाला फोन लावला, खरं नाव विचारलं, दुरुस्त केलं. मी म्हणाले, "पोरं बी येडी हायत." तर माझ्यावरच चिडले. त्यांचं चिडणं म्हणजे आवाज आणखी हळू व्हायचा.

"मी जे सांगितलं ते तंतोतंत केलं त्यांनी. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी तंतोतंत ऐकलं. त्यांना येडं म्हणू नका."

नव्या व्हिडिओत म्हणाले, "इथं तुमचं नाव. माझं नाही, गयामावशीचं तर अजिबात नाही." हा व्हिडिओ सगळ्यात जास्त बघितला गेला. पोरं मला बघून तेच म्हणायची.

आणि एक पोरगी होती. नाव घेत नाही, ती आता संसाराला लागली. दोन वर्षं रोज दारापर्यंत यायची. कपाटांकडं बघायची. मी झाडताना म्हणायचे, ये की आत, तर मान हलवून निघून जायची. एक दिवस सरळ आत आली. कॉम्प्युटरपुढं बसली. मोबाइल मांडीवर ठेवून, सरांचा व्हिडिओ आवाज बंद करून लावला होता, नुसता बाण बघत होती. पुस्तक शोधलं, नंबर पेननं तळहातावर लिहिला, कपाटाकडं गेली, पुस्तक काढलं आणि काउंटरवर ठेवलं. तोंडातून शब्द नाही. सरांनीही शब्द काढला नाही. शिक्का मारला, तारीख लिहिली, पुस्तक तिच्याकडं सरकवलं. ती गेली. सर उठून पेपरच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मला वाटलं व्हिडिओ करायला गेले. दाराला पुठ्ठा नव्हता.

कोरोनात कॉलेज बंद होतं तेव्हा तर ते व्हिडिओ तालुकाभर फिरले. उदगीरकडची, लातूरची पोरंसुद्धा सरांना फोन करायची. सर एकेकाला सांगायचे, "घाई नाही. थांबवा, बघा, मग पुढं या." सचिव साहेबांच्या कानावर गेलं. संस्थेत त्यांचाच शब्द चालतो. म्हणाले, वाघमारे, कॉलेजचं नाव करून राहिलात तुम्ही. सर घरी जाताना माझ्यासाठी पेढे ठेवून गेले. त्यांना वाटलं, आता तरी जागा कायम होणार.

मग बाहेरून तपासणीची समिती येणार असं ठरलं. महिनाभर आधीपासून भिंतींना रंग, झाडांना गेरू. सचिव साहेब म्हणाले, ग्रंथालयाचं तुमचं ते व्हिडिओचं दाखवायचं. सर माझ्याकडं आले.

"मावशी, तुम्हीच करून दाखवा."

"मी? साहेब लोकांपुढं?"

"मी दाखवलं तर त्यात काय? मी ग्रंथपालच हाय. तुम्ही दाखवलं तर त्यांना कळंल, व्हिडिओनं काय होतं ते."

त्यांचं बरोबर होतं. आठ दिवस तयारी केली आम्ही. त्या दिवशी मी लेकीनं घेतलेली हिरवी साडी नेसून गेले. तिघं साहेब, दोन मॅडम, आमचे सचिव, प्राचार्य, सगळे गोल करून उभे. सर नेहमीसारखे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. सवयच ती. मी व्हिडिओ लावला, बाण तीनदा फिरला, मी दाबलं. पुस्तक शोधलं. नंबर काढला. कपाटातून पुस्तक आणून मॅडमच्या हातात दिलं. मुदत वाढवून दाखवली. एकदाही अडले नाही. टाळ्या वाजल्या. माझ्या लग्नातसुद्धा माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

सचिव साहेब हसत म्हणाले, "म्हणजे आता सर नसले तरी चालतंय की, मावशी?"

सगळे हसले. मी त्या टाळ्यांच्या भरात होते. आणि मला सरांचं कौतुकच करायचं होतं, किती छान शिकवलं ते सांगायचं होतं. मी म्हणाले, "हाव साहेब. सर नसले तरी मी सगळं करून देते."

सरांची माझ्याकडं पाठ होती. त्यांचा चेहरा काय झाला ते मला दिसलं नाही.

समितीनं चांगलं लिहिलं म्हणे. मे महिना संपला. जूनमध्ये बाकीच्यांच्या ऑर्डरी निघाल्या, सरांची निघाली नाही. सर रोज ऑफिसात जाऊन यायचे. क्लार्क म्हणायचा, साहेबांच्या टेबलावर हाय. पंधरा दिवसांनी सचिव साहेबांनी बोलावून सांगितलं. ते काय म्हणाले ते सरांनी मला जसंच्या तसं सांगितलं. "व्हिडिओ हायत, मावशी हाय. पोरांचं काही अडत नाही, हे समितीनंच बघितलंय. मग जागा कशाला ठेवायची?" वर असंही म्हणाले, तुमचं काम इतकं पक्कं झालं वाघमारे, की तुमची गरजच उरली नाही. हे त्यांनी कौतुकानं सांगितलं.

मी सचिव साहेबांकडं गेले. मी म्हणाले, "साहेब, मला काही येत न्हाई. त्या दिवशी आठ दिवस घोकून आले होते."

ते म्हणाले, "मावशी, आम्ही डोळ्यांनी बघितलं की."

मी म्हणाले, "नवीन काही निघालं तर मला कुठलं येणार?"

"तेव्हाचं तेव्हा बघू." आणि मग माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "तुमचं वय किती झालं, मावशी?"

मी उठून आले. परत गेले नाही. माझं घर त्या पगारावर चालतं. लोकांनी मला नंतर विचारलं, तू का भांडली नाहीस. मी सांगते, नाही भांडले.

शेवटच्या दिवशी सरांनी कपाटांच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. काउंटरचा खण रिकामा केला. त्यात निघालं काय? न चालणारं पेन, जवसाच्या चटणीची रिकामी बाटली, आणि तो निळा फडका. फडका घडी करून त्यांनी परत माऊसखाली ठेवला. मी म्हणाले, "सर, माझ्यामुळं झालं. माझ्या तोंडानं घात केला."

ते दारात चप्पल घालत होते, माझ्याकडं पाठ होती. तिथूनच म्हणाले, "तुम्ही चुकला नाहीत मावशी, मी चुकलो."

चिडले असते तर बरं वाटलं असतं मला. ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांनी ते मनापासून म्हटलं की सवयीनं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पुढं ते नांदेडला एका खाजगी अभ्यासिकेत लागले. तिथं स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात. पुस्तक देणं-घेणं काही नाही. खोलीखोलीत कॅमेरे लावलेत, त्यांचा पडदा दारापाशी असतो. कुणी झोपलंय का, कुणी दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलंय का, ते त्या पडद्यावर बघत बसायचं. मी फोनवर म्हणाले, "पडदा सुटला न्हाई तुमचा." ते म्हणाले, "हाव. पण ह्यात बाण नाही." थट्टा केली की काय ते कळलं नाही. मी विषय बदलला.

दीड वर्ष ग्रंथालय चाललं तसंच. पोरं यायची, व्हिडिओ लावायची, मी काउंटरवर बसायचे. व्हिडिओत नसलेलं काही कुणी विचारलं की मी म्हणायचे, मला माहीत नाही बाबा. हळूहळू तसलं विचारणारी पोरं यायची बंद झाली.

मग संस्थेनं कॉम्प्युटरमधला सगळा प्रोग्राम बदलला. नवा आणला. मी सकाळी सुरू केला तर पडदा पांढऱ्याचा निळा झालेला, तो पांढरा डबा नाही, त्याच्या शेजारचं शोधायचं हिरवं बटन नाही.  व्हिडिओत मात्र सगळं जुनंच. सरांचा बाण जायचा, तीनदा फिरायचा, आणि म्हणायचा हे हिरवं बटन दाबा. पोरं पडद्यावर हिरवं बटन शोधत बसायची. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "रविवारी मला सुट्टी असते. येतो आणि नवे करून देतो." मी ऑफिसात विचारलं. बाहेरच्या माणसाला कॉम्प्युटरला हात लावू द्यायचा नाही, असं उत्तर आलं. बाहेरचा माणूस. मी सरांना सांगितलं, "इतक्यात नका येऊ, लाइटचं काम चालू हाय." माझं खोटं त्यांना कळलं असणार. "बरं," म्हणाले.

नवे व्हिडिओ कुणी केले नाहीत. जुने काढूनही कुणी टाकले नाहीत. समितीला दाखवायला लागतात.

मागच्या मार्चमध्ये सर आले. त्यांना अनुभवाचं प्रमाणपत्र हवं होतं, कुठं तरी अर्ज करायचा होता. तेरा वर्षं काम केलं असा एक कागद. क्लार्कनं सांगितलं, जेवणाच्या सुट्टीनंतर या. तेवढा वेळ बसायला म्हणून ते ग्रंथालयात आले. दारात चप्पल काढली. केस पिकले होते. शर्टाचं वरचं बटन लावलेलं होतं, पण गळा बारीक झाल्यामुळे कॉलर पुढं लोंबत होती. मी काउंटरच्या खुर्चीवरून उठले. ते म्हणाले, "बसा, बसा." आणि त्या खुर्चीकडं न बघता पेपर वाचायच्या बाकावर बसले. मी पाणी दिलं. मुलगी बारावीला आहे म्हणाले. एवढंच बोलणं झालं.

कॉम्प्युटरपुढं एक पोरगी बसली होती. नवीनच, पहिल्या वर्षाची असावी. तिच्या मोबाइलवर सरांचा व्हिडिओ चालू होता. आवाज बारीक होता पण आम्हाला दोघांनाही ऐकू येत होता. "घाई नाही. आता बाण बघा." पोरगी मोबाइलकडं बघायची, मग कॉम्प्युटरकडं, मग परत मोबाइलकडं. व्हिडिओ मागं न्यायची. परत तेच वाक्य. असं तीन-चारदा झालं. सर बाकावर चुळबुळ करायला लागले. मग उठले, अनवाणी, आवाज न करता तिच्या मागं जाऊन उभे राहिले. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा बघितला. हा नवा पडदा ते पहिल्यांदाच बघत होते. मिनिटभर नुसते बघत राहिले. मग वाकून हळूच म्हणाले, "बाळा, ते बटन आता तिथं नाही. डाव्या अंगाला वर तीन रेघा दिसून राहिल्या ना..."

पोरगी दचकली. मागं वळून त्यांच्याकडं बघितलं, आणि वैतागून म्हणाली, "काका, थांबा ना जरा. सर सांगून राहिलेत, ते ऐकू द्या."

मी तोंड उघडलं. हेच ते सर, म्हणणार होते. सरांनी मला हातानं नको म्हटलं.

ते दोन पावलं मागं झाले. आणि वळून, भिंतीकडं तोंड करून, तिच्याकडं पाठ करून उभे राहिले. मी परीक्षा द्यायचे तेव्हा उभे राहायचे तसे. व्हिडिओ संपेपर्यंत ते हलले नाहीत. त्यांच्या डोक्यावर पंखा चालू होता. मला उगीच वाटलं, तो बंद करावा.

"नाहीच जमलं तर काउंटरवर या. मी इथंच आहे."

सर दाराकडं गेले, चप्पल घातली आणि बाहेर पडले. ऑफिसच्या बाजूला वळले नाहीत. सरळ फाटकाकडं चालू लागले. जेवणाची सुट्टी संपायला अजून अवकाश होता.

पोरगी उठून काउंटरवर माझ्यापुढं आली.

"मावशी, ते हिरवं बटनच दिसून नाही राहिलं."

"न्हाई ते आता."

"मग सर कुठं हायत? काउंटरवर या म्हणून राहिलेत."

खिडकीतून फाटक दिसतं. सर फाटकापाशी पोचले होते. दुपारच्या उन्हात डोक्यावर रुमाल धरून एक टेम्पो जाऊ देत होते. मोठ्यानं हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण हाक मारून त्यांना बोलावायचं कुठं? त्यांच्या खुर्चीवर मी बसले होते.

"सर नसतात आता," मी म्हणाले.

पोरगी मग परत जाऊन बसली आणि तिनं व्हिडिओ पहिल्यापासून लावला.